तीन दिवसांचं पाहुणं मशीन

अभिमन्यू डीजे वाजवतो हे पहिल्या भेटीत सांगूनही कुणाला पटत नाही. पांढरा शर्ट, बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली, कपाळाला अष्टगंधाचा टिळा आणि बोलणं इतकं हळू की दोनदा विचारावं लागतं. पतपेढीत पासबुकं भरत असेल असं वाटावं असा माणूस. पण अक्कलकोट रोडपासून जुळे सोलापूरपर्यंत हळद असो, बारसं असो, लग्नानंतरचं रिसेप्शन असो, घरातली वडीलधारी माणसं त्यालाच बोलवा म्हणतात. कारण तो मिरवणुकीत स्पीकरच्या भिंती लावत नाही आणि छातीत धडधडेल असं काही वाजवत नाही. गाणं सुरू केलं की स्वतः जाऊन आधी शेवटच्या खुर्चीवर बसतो, मग पहिल्या. पहिल्या खुर्चीवरच्या आजीचा हात कानाकडे गेला तर आवाज कमी करायचा, हा त्याचा नेम. तो त्याला गुरुसिद्धप्पांनी लावून दिला.

गुरुसिद्धप्पा म्हणजे बाळीवेशीतले जुने लाऊडस्पीकरवाले. बावीस वर्षांपूर्वी अभिमन्यू मंगळवेढ्याकडच्या गावातून टॉवेलच्या कारखान्यात नोकरी मिळते का बघायला आला होता. पत्ता विचारायला म्हणून त्यांच्या दुकानापाशी थांबला, तेव्हा अप्पा एकटेच एक पेटी टेम्पोत चढवायची धडपड करत होते. याने न सांगता दुसरी बाजू धरली. कारखान्याचा पत्ता विचारायचा राहिला तो राहिलाच. अप्पांची मुलं शिकून बाहेरगावी गेली, गुडघे थकले, तेव्हा एका दसऱ्याला त्यांनी आपला आवाज जुळवायचा चार चॅनलचा मिक्सर नारळ-सुपारीसकट अभिमन्यूच्या हातात ठेवला. एक रुपयाही घेतला नाही. त्या मिक्सरवर अभिमन्यूचं लग्न झालं, बहिणीचं लग्न झालं, गावाकडून आई आणता आली, दोन खोल्यांचं घर झालं. रोज आंघोळ झाली की देवाच्या पाठोपाठ तो त्या मिक्सरला हात जोडतो. त्याला त्यात काही वेगळं वाटत नाही.

तर गेल्या वर्षी, तुळशीचं लग्न होऊन हंगाम सुरू झाला आणि या मिक्सरनं त्रास द्यायला सुरुवात केली. होटगी रोडच्या एका मंगल कार्यालयात हळदीच्या ऐन भरात उजवीकडचा आवाज खरखरला, गेला, आणि आवाजाची पट्टी, म्हणजे ते लोक ज्याला फेडर म्हणतात तो, दोन-तीनदा वरखाली केल्यावर परत आला. नवरदेवाच्या मामांनी मागे वळून बघितलं. एवढंच झालं, पण कार्यालयाचा मॅनेजर सुबोध ते बघत होता.

जेवणं उरकल्यावर त्याने अभिमन्यूला ऑफिसात बोलावलं, चहा पाजला आणि मोबाईलवर एक फोटो दाखवला. दोन मोठ्या चकत्या, मधे मिक्सर, वर रुंद स्क्रीन, सगळं एकाच अंगात. लॅपटॉपसुद्धा लागत नाही, पेनड्राइव्ह खुपसला की झालं.

"तुझ्या वाजवण्याला मी नाव ठेवत नाही," सुबोध म्हणाला. "पण पार्टी बुकिंगला येते ती फोटो मागते. टेबलावर काय दिसतं ते बघतात. आमच्याकडच्या बाकी दोघा डीजेंनी हे घेतलंय. महिनाअखेरपर्यंत तुझं काय ते सांग, मला यादी पक्की करायचीये."

अभिमन्यूच्या वर्षाच्या कामातलं निम्मं त्या एका कार्यालयातून यायचं. तो चहा अर्धाच ठेवून उठला.

मशीनची किंमत तीन लाखांच्या आतबाहेर. तेवढे पैसे त्याच्याकडे नव्हते असं नाही. होते, आणि तेच अवघड होतं. नसते तर प्रश्न मिटला असता. ते पैसे गाळ्यासाठी ठेवलेले. घराच्या पुढच्या खोलीत स्पीकरच्या पेट्या छतापर्यंत रचलेल्या असतात आणि त्यांच्या मधल्या जागेत त्याच्या आईची, सोजरबाईंची, खाट. कूस बदलली की कोपर पेटीला लागतं. सामान ठेवायला एक लहानसा गाळा घ्यायचा आणि आईला खोली मोकळी करून द्यायची, हे त्याने आणि रेश्मानं, त्याच्या बायकोनं, चार वर्षं मनात धरलं होतं.

रेश्मा म्हणाली, "अहो, काम राहिलं तर गाळा पुढच्या वर्षी होईल. काम गेलं तर गाळ्यात ठेवायचं काय?" बोलणं बरोबर होतं. सोजरबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "माझं काय, मी पेट्यांमधी बी झोपते. गार लागत न्हाय." हे ऐकून तर त्याला जास्तच लागलं.

शेवटी तो नवी पेठेजवळ चेतनाच्या दुकानात गेला. चेतना तिशीतली बाई. वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, तिने डिप्लोमा करून त्याचं साउंडच्या सामानाचं दुकान केलं. बोलायला फटकळ, हात सोन्याचे. तिच्याकडे ते मशीन दाखवायला म्हणून ठेवलेलं होतं. अभिमन्यूने चकतीवर बोट ठेवलं आणि त्याचा चेहरा बदलला. तिच्या ते लक्षात आलं.

"दादा, इथे उभं राहून कळायचं नाही," ती म्हणाली. "तीन दिवस न्या. लग्नात वाजवा. सोमवारी सकाळी आणून द्या आणि तेव्हाच सांगा. फक्त जसं नेताय तसं आणा."

शुक्रवारी संध्याकाळी मशीन घरी आलं. रेश्मानं पलंगावर स्वच्छ चादर घातली आणि तिच्यावर ते ठेवलं. शेजारचे दोघं-तिघं बघून गेले. सोजरबाई चष्मा लावून जवळ आल्या, सगळीकडून न्याहाळलं आणि विचारलं, "ह्याला तबकडी कुटं ठेवायची?" ती आतच असते म्हटल्यावर त्यांना ते काही खरं वाटलं नाही. मग त्या देव्हाऱ्याकडे वळल्या आणि करंडा घेऊन आल्या.

अभिमन्यूने हात आडवा धरला. हे आपलं नाही, परत द्यायचंय, याला काही लावायचं नाही, असं त्याने समजावून सांगितलं.

"दुसऱ्याची लेक घरात आली तरी कुंकू लावल्याबिगर पाठवतो का आपण?" त्या म्हणाल्या.

"आई, ही लेक तीन लाखाची हाय."

"मग तर लावायलाच पायजे की," असं पुटपुटत त्या करंडा घेऊन परत गेल्या. विषय संपला असं त्याला वाटलं.

शनिवारी केम गावात लग्न होतं. सकाळी अभिमन्यू आंघोळीला गेला आणि रेश्मा डबा भरत होती. तेवढ्या वेळात सोजरबाईंनी जे करायचं ते केलं. नवी वस्तू पहिल्यांदाच लग्नकार्याला निघालेली, तिला तशीच कोरी जाऊ द्यायची हे त्यांच्या जिवाला मानवेना. जास्त काही नाही, हळदीचं एक बोट, कुंकवाचं एक बोट आणि वर चिमूटभर अक्षता. मग पदराच्या टोकाने पुसूनही टाकलं, मुलाला दिसू नये म्हणून. पुसताना ते कुठे गेलं ते त्यांना दिसलं नाही.

केमला मांडव रेल्वे स्टेशनच्या बाजूला मोकळ्या रानात होता. मशीन टेबलावर चढलं तशी पोरं मोबाईल काढून भोवती जमली. आणि खरं सांगायचं तर पुढचे दोन तास अभिमन्यूने आयुष्यात कधी नव्हे इतक्या सुखात वाजवलं. एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना सांधा कळत नव्हता. माईकचा आवाज तर असा स्वच्छ की आहेर वाचणाऱ्या गुरुजींनी घेतलेलं एकेक नाव मागच्या चुलीपर्यंत ऐकू गेलं. नवरीच्या आजीने जुनं गाणं मागितलं, ते एका बोटात सापडलं. त्याला वाटलं, घ्यायचंच. काय वाटेल ते होऊ दे, घ्यायचंच.

मग त्याच्या आणखी एक गोष्ट ध्यानात आली. ती त्याला फारशी आवडली नाही, पण तो स्वतःशी खोटं बोलणारा माणूस नव्हे. लोक नाचत होते ते तेवढेच, जेवढे जुन्या मिक्सरवर नाचायचे. मशीनकडे बघणारी पोरं फोटो काढून झाल्यावर जेवायला निघून गेली होती. सुख होतं ते सगळं त्याचं एकट्याचं होतं.

हा विचार चालू असतानाच तिसऱ्या चॅनलचा फेडर बोटाखाली कचकचला. वर जाताना मधेच अडकला आणि सुटला तो एकदम, आवाज उसळला. पहिल्या रांगेतली एक म्हातारी दचकली. अभिमन्यूने झटकन दुसऱ्या चॅनलवर गाणं घेतलं आणि वाकून बघितलं. फेडरच्या चिरेत लाल रेघ. कडेला तांदळाचा अर्धा दाणा.

उरलेला कार्यक्रम त्याने पार पाडला. कुणाला काही कळलं नाही, यजमानांनी तर शाल दिली. पण परत येताना टेम्पोत त्याने ती उलगडूनही बघितली नाही.

रविवारी सकाळी त्याने आईला विचारलं. सोजरबाईंनी लपवलं नाही. व्हय, लावलं म्हणाल्या. तेव्हा अभिमन्यूच्या तोंडून जे गेलं ते त्याचं त्यालाही खरं वाटलं नाही.

"तुमच्या देवधर्मापायी मला आता हे विकत घ्यावं लागणार. तुमचाच गाळा गेला समजा."

सोजरबाई चुलीपुढून उठल्या, हात धुतले आणि दोन पेट्यांच्या मधल्या आपल्या खाटेवर जाऊन बसल्या. रेश्मानं ताट नेऊन ठेवलं ते तसंच राहिलं.

त्याने दोन्ही मशीनं टेम्पोत घातली आणि तडक बाळीवेस गाठली. जुनंही बरोबर का घेतलं हे त्याला नीट सांगता आलं नसतं. मनात मात्र एकच होतं, अप्पांच्या हातात कला आहे, गुपचूप उघडून साफ करून देतील आणि सोमवारी चेतनाला काही कळणार नाही.

"बा, कूडु," म्हणत गुरुसिद्धप्पांनी त्याला जवळ बसवलं. कन्नड घरात ये-बस असंच म्हणतात, आणि अभिमन्यूला ते शब्द कानावर पडले की निम्मं ओझं उतरल्यासारखं व्हायचं. त्याने सगळं सांगितलं. आईला काय बोललो तेही सांगितलं. अप्पांनी नव्या मशीनकडे बघितलं, चष्मा सारखा केला, पण हात लावला नाही.

"हे मी उघडणार नाही. ज्याचं आहे त्यानं उघडायचं," ते म्हणाले. "ते जुनं आण इकडं. त्याचं काय दुखतंय बघू."

वर्तमानपत्र पसरून त्यांनी जुन्या मिक्सरचे स्क्रू सोडवले. झाकण निघालं आणि दोघंही बघत राहिले. आत सगळीकडे लाली. फेडरच्या पट्ट्यांखाली कुंकवाचा थर बसून कापरासारखा घट्ट झालेला, कोपऱ्यात हळद, चार-पाच अक्षता, उदबत्तीची राख, एक वाळलेली झेंडूची पाकळी. सतरा दसरे त्या पेटीत जमा होऊन बसले होते. आवाज खरखरत होता तो यानं.

अभिमन्यू म्हणाला, "म्हंजे आईनं हे बी..." आणि थांबला.

अप्पांनी सर्वांत तळाच्या थराला नख लावलं. तो थर काळपट झाला होता. "हे तुझ्या आईचं नाही, पोरा. तुझी आई सोलापूरला यायच्या आधीपासून हे इथे आहे. मशीन तुझ्या हातात द्यायच्या आधी दरवर्षी खंडेनवमीला मीच लावत होतो. पहिलं बोट माझं. चांगलं मूठभर लावायचो." ते हसले. "तरी बघ, इतकी वर्षं चाललं. कुणाची तरी कृपा असल्याशिवाय चालतं का?"

ब्रशनं आणि स्पिरिटच्या बोळ्यानं दोघांनी मिळून तासभर ते साफ केलं. कागदावर निघालेलं कुंकू सुट्टीला आलेल्या अप्पांच्या सुनेनं तुळशीत नेऊन टाकलं. मिक्सर जोडून लावला तर उजवी बाजू अगदी स्वच्छ. कसलीही खरखर नाही. अभिमन्यूने फेडर चार वेळा वरखाली केला आणि त्याला रडू आलं, ते का, हे अप्पांनी विचारलं नाही.

उठताना ते एवढंच म्हणाले, "चेतनाच्या बापाला मी ओळखत होतो. तिला जे आहे ते सांग."

सोमवारी दुकान उघडायच्या आधीच अभिमन्यू पायरीवर उभा होता. रात्रभर त्याने बोलायचं जुळवलं होतं, पण चेतना समोर आल्यावर एका दमात सगळं बाहेर पडलं. तिसऱ्या फेडरमधी कुंकू गेलंय, आईनं लावलं, मी घरात नीट लक्ष ठेवलं न्हाय, चूक माझी हाय. घ्यायला सांगाल तर घेतो.

चेतनानं दिवा पेटवला, देवांना उदबत्ती ओवाळली आणि मगच त्याच्याकडे वळली. मशीन टेबलावर घेऊन तिने वरची पट्टी काढली, दोन स्क्रू फिरवले आणि फेडर एका तुकड्यात बाहेर काढला. या मशीनमध्ये तो तसाच निघतो, अभिमन्यूला ते माहीत नव्हतं. फुंकला, ब्रशनं झाडला, एक थेंब कसलंसं तेल सोडलं, परत बसवला. सगळी मिळून दहा मिनिटं. अभिमन्यूने दोन दिवस जो जीव मुठीत धरला होता तो सोडायलाही त्याला त्यापेक्षा जास्त वेळ लागला.

"दसऱ्यानंतरचे पंधरा दिवस मी दुसरं कामच करत नाही," ती म्हणाली. "या गावातल्या प्रत्येक मशीनच्या पोटात कुंकू आहे. वर येऊन सांगतात, व्होल्टेजमुळे झालं. एकानं तर मलाच ऐकवलं, तुमच्या दुकानातूनच असं आलं म्हणून." मग तिने आपल्या कॅश काउंटरच्या यंत्राकडे बोट केलं. त्याच्या बटणांवरही हळदीकुंकवाचे ठिपके होते. "मी तरी कुठे सुटलेय?"

अभिमन्यूने किती द्यायचे विचारलं. तिने हात हलवला. मग म्हणाली, "आता खरं सांगा. घ्यायचंय?"

त्याने जसं वाटलं तसं सांगितलं. मशीन लई चांगलं आहे, हाताला असं सुख कधी मिळालं नाही, माईक तर सोन्यासारखा. पण लोकांच्या नाचण्यात फरक पडला नाही. जुनं काल बरं झालं. माझ्या कामाला जुनं पुरतंय. फक्त होटगी रोडच्या कार्यालयाला हे टेबलावर पाहिजे, आणि तिथलं काम गेलं तर मला झेपायचं नाही.

"किती दिवस असतं तिथे?"

"हंगामात महिन्याला सहा-सात."

चेतनानं मशीनवर कापड टाकलं. "मी हे भाड्यानं कुणाला देत नाही. नेतात चांगलं, आणतात मोडकं, आणि तोंड वर करून भांडतात. तुम्ही मी न विचारता सांगितलंत. त्या सहा-सात दिवसांना हे घेऊन जात चला. भाडं काय ते आपण वाजवी ठरवू. पुढे कधी वाटलं तर विकत घ्या, नाही वाटलं तर नका घेऊ."

अभिमन्यूने तिथूनच सुबोधला फोन लावला. मशीन आपल्या टेबलावर असेल म्हणाला, आणि लगेच पुढे सांगून टाकलं की ते भाड्याचं असेल, स्वतःचं नाही. सुबोधनं एवढंच विचारलं,

"फोटोत दिसेल ना?"

"दिसंल की."

"मग कुणाचं का असेना," सुबोध म्हणाला आणि यादीत नाव घालून मोकळा झाला.

दुकानाच्या पायरीवर उभं राहून अभिमन्यूने मनातल्या मनात सिद्धरामेश्वराला हात जोडले. मागायला त्याच्याकडे काही उरलं नव्हतं. ज्यांनी न मागता दिलं त्यांचीच नावं एकापाठोपाठ येत गेली, टेम्पोत चढवायची पेटी एका बाजूनं धरलेले अप्पा, फेडर फुंकणारी ही बाई, गाळ्याचं स्वप्न बाजूला ठेवायला एका वाक्यात तयार झालेली रेश्मा. एक नाव राहिलं होतं, आणि तिथे जायला त्याचे पाय जड झाले होते.

घरी सोजरबाई खाटेवर बसून वाती वळत होत्या. कालपासून त्यांनी चहाशिवाय काही घेतलं नव्हतं, हे रेश्मानं दारातच सांगितलं. अभिमन्यू त्यांच्या पायाशी खाली बसला. मशीन परत दिलं, काही बिघडलं नव्हतं, काम राहिलं, गाळ्याचे पैसे जागच्या जागी आहेत, असं सगळं सांगून झालं. शेवटी म्हणाला, "आई, मी बोललो ते चुकलं."

सोजरबाईंनी हातातली वात पुरी केली, परडीत ठेवली. "माझं बी चुकलं. तू नगं म्हणला हुतास." मग विचारलं, "आन् ते जुनं? ते बरं हाय का?"

"व्हय. अप्पांनी केलं. नव्यावानी वाजतंय."

"मग बस झालं," त्या म्हणाल्या, आणि खाटेवरून उतरून स्वयंपाकघरात गेल्या. रेश्मानं भाकरी थापायला घेतलीच होती. सोजरबाईंनी शेंगाचटणीचा डबा काढला, तेल घातलं, तिघांची ताटं मांडली. पहिला घास त्यांनी घेतला तेव्हा कुठे अभिमन्यूने भाकरीला हात लावला. दुपारचे दोन वाजले होते आणि तिघांनाही लई भूक लागली होती.